गच्चीवरच्या गच्च्या

नाना, तुमची गच्ची आम्ही फोडली. आम्ही म्हणजे मी. आईला यात ओढण्यात अर्थ नाही, ती शेवटपर्यंत नको म्हणत होती. आधी मी ‘गच्ची दुरुस्तीला काढली’ असं लिहिलं होतं, पण तुम्हाला असलं गोलमोल बोलणं खपायचं नाही. एखादं गिऱ्हाईक गळती दाखवताना म्हणालं, ‘भिंतीला जरा ओल दिसतेय,’ की तुम्ही चप्पल काढायच्या आधीच म्हणायचात, ‘ओल नाय साहेब, पाणी येतंय. पाण्याला पाणी म्हणा, मंग बोलू.’ म्हणून सरळ लिहिलं. फोडली. गच्चीच्या दारात बसून हे लिहितेय आणि एका जागी बसवत नाही. दोन ओळी झाल्या की उठते, बाहेर जाऊन बघून येते, परत बसते. खालून आई विचारते, ‘कितींदा खालीवर चालू आहे तुझं?’ लिहायला बसल्यापासून मी खाली गेलेलेच नाही, हे तिला माहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात गणपतीच्या आधी स्वयंपाकघराच्या छताचं प्लास्टर ओट्यावर पडलं. आई दारात मेथीची जुडी निवडून घेत भाजीवालीशी भांडत होती, म्हणून वाचली. मी पोचले तेव्हा शेगडीवर चुरा, कुकरचं झाकण दबलेलं, आणि वर छतात गंजून फुगलेल्या सळया दिसत होत्या. आई मला म्हणाली, ‘प्लास्टरच आहे. त्याला काय एवढं.’ तुमच्या बायकोला दुसरं काय सुचणार? हे घर गळणं तिने मुलांच्या सर्दीसारखं मानलेलं. मी ओळखीतून एका इंजिनिअर मुलीला बोलावलं. पोरगी वर आली, पण पायाखालच्या सिमेंटकडे न बघता आधी कठड्याला जाऊन उभी राहिली. कठडा तिच्या मांडीपर्यंतही येत नव्हता. मग तिने गच्चीच्या दाराकडे पाहिलं, जिथून आम्ही सगळे मान वाकवून बाहेर येतो. तिने आईला विचारलं, ‘काकू, हे दार खालून कापलंय का?’ ‘कापलंय ना,’ आई म्हणाली, ‘दर वेळी कापलंय.’ मुलगी हसली नाही. म्हणाली, ‘काकू, तुमच्या गच्चीवर अजून दोन गच्च्या आहेत.’

नाना, त्या दारातून वाकून जाताना लहानपणापासून मला वाटायचं की मी उंच झाले. जमीन वर येत होती, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

पहिली गच्ची मला अर्धवट आठवते. सातपूरच्या या प्लॉटवर तेव्हा आपलं एकच घर, बाकी बाभळी. तुम्ही कंपनीतली पाळी सोडून नुकताच गच्च्यांची गळती थांबवायचा हा धंदा धरलेला, आणि कळवणहून आलेला माणूस शहरात लोकांच्या डोक्यावरचं पाणी अडवतो, याचं तुम्हालाच कोण कौतुक. विटांचे तुकडे सिमेंटमध्ये उभे-आडवे रोवून तुम्ही कोबा करत, त्याला उतार काढत होतात. दोन माणसं पातळी बघायला पाण्याने भरलेली नळी दोन टोकांना धरून उभी, आणि तुम्ही मधे ओरडताय, ‘हलवू नको रे, पाणी शिव्या देतंय!’ वरचा गिलावा ओला असताना सुती दोरी ताणून तुम्ही चौकोन मारलेत. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई केलीत, त्यावर काचेची बाटली फिरवून ती गुळगुळीत करताना तुमची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली असायची. पाणी कोपऱ्यात बसत नाही, तिथून घसरतं, असं तुम्ही मला सांगितलंत. मी त्या गोलाईवर पाठ टेकून अभ्यास करायचे. पाठीला बरोबर बसायची.

मग टीव्हीची छत्री आली तेव्हाचं भांडण. ड्रिल मशीन घेऊन आलेला मुलगा गच्चीत भोक पाडणार, एवढ्यात तुम्ही कामावरून आलात. ‘माझ्या डोक्यात मार खिळा! टाळू मऊ आहे, लवकर जाईल!’ तो बिचारा मशीन सोडून पळाला. मी रडत होते, कारण सगळ्या गल्लीत चॅनेल होते आणि आपल्याकडे मुंग्या. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, ‘रडायचं तर खाली जाऊन रड. गच्चीला कुनी भोक पाडायचं नाय, पोटच्या पोरीनेही नाय.’ केवढ्याने बोललात. दुसऱ्या दिवशी तेलाच्या डब्यात काँक्रीट भरून, त्यात पाइप उभा करून, छत्री त्यावर लावलीत. गच्चीला भोक नाही आणि मला टीव्ही. पण जोराचा वारा आला की डबा इंचभर सरकायचा आणि मालिका ऐन रंगात आली की चित्र जायचं. तेव्हा तुम्हीच रिमोट आपटायचात.

तरी गच्ची गळलीच. जिथे पावसाचं पाणी खाली नेणारा पाइप होता त्या तोंडाशी. तुम्ही दुसऱ्यांच्या गच्च्या फोडताना मी पाहिलंय. एका वर्कशॉपचा अख्खा कोबा तुम्ही बघता बघता उखडून खाली टाकलात, मालक रडवेला झाला तरी. पण स्वतःची गळली तेव्हा छन्नी एकदा पाइपापाशी लावलीत, थोडा वेळ तसेच उकिडवे बसून राहिलात, आणि उठून खाली येऊन म्हणालात, ‘फोडलं की स्लॅबला हादरा बसतो. वरून घेऊ.’ आई चुलीपाशी फणकारली, ‘दुसऱ्याचं फोडायला बरा हात उचलतो.’ तुम्ही ऐकलं नाही असं दाखवलंत. त्या वर्षी वर फुटक्या फरशांची गच्ची झाली. पांढरे, निळे, हिरवट तुकडे, कुणाच्या बाथरूमचे, कुणाच्या देवघराचे. मला टाकीजवळचा थोडा भाग दिलात आणि दांडा कापून बारीक केलेली एक थापी, माझ्या हाताच्या मापाची. मी निळ्या तुकड्यांनी माझं नाव लावायला घेतलं. तुम्ही थांबवलंत. ‘नाव नको. अक्षरं म्हंजे बारीक तुकडे, बारीक तुकडे म्हंजे जास्ती सांधे. जेवढे सांधे तेवढी भीती.’ मग मी मोठेमोठे पांढरे तुकडे लावले, कंटाळवाणे, आणि तुम्ही त्यावर हात फिरवून म्हणालात, ‘हे टिकंल.’

तीही गळली, मग तिसरी, तुमच्या शेवटच्या वर्षातली. डांबराची शीट, गॅसच्या ज्योतीने तापवून चिकटवायची. जिना चढताना तुम्ही मधे बसत होतात. आम्ही दोघी म्हणालो माणसं लावा, तर म्हणालात, ‘आपल्या घराचं आपन करायचं.’ शीट वितळल्याचा वास आठवडाभर घरात होता, आणि त्यावर पुन्हा सिमेंटचा थर, शीट उन्हाने फाटू नये म्हणून. त्यानंतर तुम्ही वर गेला नाहीत. आई अजून म्हणते की त्या धुराने तुम्हाला नेलं. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते.

तर त्या इंजिनिअर मुलीने सांगितलं, हे सगळं वजन उतरवलं नाही तर स्लॅब खाली येईल. उतरवल्यावरच कळेल की स्लॅब ठेवायचा की पाडायचा. पाडायचा म्हणजे घरच पाडण्यासारखं, कारण भिंतीही त्याच वयाच्या. आईने माझ्या घरी यायला साफ नकार दिला, म्हणून मीच इकडे येऊन राहिले. स्वयंपाकघरात लोखंडी टेकू लावले, तर ती त्यांच्यामधून वाट काढत भाकरी करू लागली, आणि एका टेकूला तिने गाळणी अडकवली. मी म्हणाले, ‘आई, हे डोक्यावर पडेल.’ रागावली की तिची बोली सटाण्याची होते हे तुम्हाला माहीत आहे. ‘तुले काय समजस? त्यास्नं काम शे ते. माणूस गेला, आता कामही फोडा.’ त्यावर बोलू नये ते मी बोलले. ‘त्यांच्याच कामाने तू मरशील.’ ती कणीक मळत राहिली. पुढे कितीतरी दिवस आम्ही फक्त भाजी काय करायची एवढंच बोलत होतो. उन्हाळा लागला तशी मी तिला न विचारता माणसं सांगितली.

पेठ तालुक्याकडची माणसं होती, ब्रेकर मशीन घेऊन आलेली. त्या आवाजाने आईने कानांत कापूस घातला आणि त्यांना चहा द्यायचा नाही असं ठरवलं. बाहेरून आलेल्या माणसाला चहा नाही, हे आपल्या घरात पहिल्यांदाच. मीच थर्मास घेऊन जायचे. सिमेंटचा थर निघाला, काळी शीट निघाली, मग फरशांचे तुकडे. टाकीजवळचे पांढरे मी शोधले. ते वेगळे ओळखूच आले नाहीत. घमेल्यात सगळं एक झालं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गेलं. एक तुकडा तरी ठेवावा म्हणून हात घातला, पण तो माझाच कशावरून, म्हणून परत टाकला. विटांचा कोबा आला तेव्हा काम अडलं. मुकादम घाम पुसत जिन्यातून खाली आला आणि आईलाच म्हणाला, ‘मावशी, हे कुनी केलंय वो? मशीनची टोकं बोथट झाली. लय कडक हाय.’ आईने एका कानातला कापूस काढला. मग म्हणाली, ‘आमच्या ह्यांनी केलंय,’ आणि दुसऱ्या कानातलाही काढून आत गेली. त्या दिवशी चहाबरोबर शेवही होती. ‘फोडता येत नसेल तर सांग बाबा,’ ती त्याला वर म्हणाली, ‘उगी आमच्या माणसाला बदनाम करू नको.’ त्याला कळेना की ही बाई कुणाच्या बाजूची.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. कोब्याच्या विटा बाहेर आल्या त्या ओल्या होत्या. वर वैशाखाचं ऊन, चपलेतून पाय भाजतोय, आणि विटेचा तुकडा हातात घेतला तर थंड, जड, विहिरीतून काढल्यासारखा. मुकादमाने दाबला तर कडेला पाणी आलं. इंजिनिअर मुलगी म्हणाली, पाणी पाइपाच्या तोंडातून आत शिरत होतं, आणि वरून दर वेळी नवा थर बसल्यामुळे बाहेर पडायला वाट राहिली नव्हती. ते हळूहळू खालीच उतरत होतं. तुम्ही काम वाईट केलं नव्हतं, नाना. फार चांगलं केलंत. पाण्याला आतच ठेवून झाकण इतकं घट्ट लावलंत की ते तुमच्यानंतरही इथेच राहिलं. मी तो तुकडा घेऊन खाली आईकडे गेले. तिने तो तळहातावर ठेवला, बोटाने दाबला. ‘एवढं पाणी,’ ती म्हणाली.  त्या रात्री ती पहिल्यांदा पुढच्या खोलीत झोपली, टेकूंपासून लांब.

आठवडाभर स्लॅब उन्हात उघडा ठेवला. मग ती मुलगी हातोडी घेऊन आली आणि ठिकठिकाणी ठोकत चालली. खोल्यांवर टणक आवाज. मी तिच्या मागे मागे. स्वयंपाकघरावर आली आणि आवाज बदलला, भोपळ्यावर टिचकी मारावी तसा. ती परत मागे गेली, परत पुढे आली. मग तिने खडूने स्वयंपाकघराभोवती रेघ ओढली आणि म्हणाली, ‘एवढा जाईल. बाकी घर राहील.’  आईला सांगायला जावं लागलं नाही, ती दारात मान वाकवून उभी होती. जमीन खाली गेली तरी सवय. रेघेकडे बघून म्हणाली, ‘माझा ओटा पण जाईल का?’ ओटा राहिला. स्लॅब कापला, नवा टाकला. पाइपाचं तोंड मोठं केलं. वर हलकं रसायन लावणार आहेत, ब्रशने, रंगासारखं. तुम्हाला त्याचं हसू आलं असतं. उताराचं काम मात्र आईने उभं राहून करून घेतलं. स्वतः बादलीभर पाणी ओतलं आणि ते पाइपाकडे पळताना बघून मुकादमाला म्हणाली, ‘अजून जरा. तिथे घुटमळतंय.’

नव्या स्लॅबवर आता सिमेंट मुरायला मातीची आळी करून पाणी भरलंय. तेच बघायला मी सारखी उठते. ऊन पाणी ओढून घेतं, मी पाइपने पुन्हा भरते, रोज एकदा खाली जाऊन, स्टुलावर चढून छताला हात लावते, कोरडं आहे. कोरडंच असणार. पाऊस अजून यायचाय, खरी परीक्षा तेव्हा. गळलं नाही की आई सुखाने राहील, मीही निवांत होईन, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप केला.

हे पत्र कुठेच पोचणार नाही, म्हणून एक खरं लिहून ठेवते. लोकांच्या गच्च्यांपायी तुम्ही पावसाआधी महिना महिना घरात दिसायचा नाहीत. आपलं छत गळायला लागलं की मात्र घरी थांबायचात, कामाला जायचाच नाहीत. दिवसभर वर ठोकत असायचात आणि मी खाली शाळेला दांडी मारून तुमचे पाय कुठे चाललेत ते आवाजावरून ऐकत असायचे. परवा छताला हात लावला आणि तो कोरडा निघाला, तेव्हा मला जे वाटलं तो आनंद नव्हता, नाना. कुठेतरी एका कोपऱ्यात, ओट्यापासून लांब, आईला त्रास होणार नाही इतकंच, एक थेंब यावा असं वाटलं.