घराला घातलेला स्वेटर

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (माळ्यावरून उतरल्यापासून मी वाकलेलाच आहे, त्यामुळे नमस्कारासाठी वेगळे कष्ट पडले नाहीत.) तुझी तब्येत कशी आहे? भावजींचा गुडघा काय म्हणतो? बाबा नीट जेवतात ना? इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. मजेत म्हणजे खरोखर मजेत, पत्रात लिहायची रीत म्हणून नव्हे. कारण हे पत्र मी हातमोजे न घालता लिहितो आहे, आणि या घरात, ऐन थंडीत, असं आजवर कधी झालेलं नाही.

याचं सगळं श्रेय तुझं. गेल्या हिवाळ्यात बाबांना न्यायला आलीस तेव्हा त्यांच्या खोलीत उभी राहून तू मला जे झाडलंस ते अजून कानात आहे. "दर वर्षी त्यांना नवा स्वेटर काय आणतोस? एक घराला घाल!" तेव्हा मला राग आला होता. (यायला जरा वेळ लागला, आधी दात वाजत होते.) पण शेवटी तू दिलेल्या नंबरावर फोन केला, आणि घरातली ऊब कुठून निसटते हे शोधून देणाऱ्या बाईंचा यायचा दिवस ठरला. घोटाळा तिथून सुरू झाला.

"घर तपासायला कुणीतरी येणार" एवढंच तुझ्या भावजयीने ऐकलं. तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे. डॉक्टरकडे जायचं तर ही आदल्या दिवसापासूनच पथ्य पाळते. परक्या बाई येणार, आपल्या भिंती न्याहाळणार, आणि खिडक्यांना फटी? लोक काय म्हणतील! झालं, आम्ही दोघांनी (हो, मीही, संसार करायचा तर हातभार लावावा लागतो) सकाळपासून घर आवरायला घेतलं. चौकटींच्या फटींत जुने मोजे कोंबले, दारांखाली टॉवेल गुंडाळून दाबले, स्वयंपाकघरातल्या नळाभोवतीच्या भोकात माझा एक चांगला बनियन गेला, आणि वरून पडदे सारखे केले. घर इतकं नटलं की मलाच पाहुण्यासारखं वाटू लागलं.

बाई आल्या. हसऱ्या, बोलघेवड्या. त्यांनी पुढच्या दाराच्या चौकटीत कापड ताणून बसवलं आणि त्यात एक मोठा पंखा लावला. हा पंखा घरातली हवा बाहेर खेचतो. मग बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत घुसते आणि फटी आपोआप उघड्या पडतात. बाई खोल्याखोल्यांतून हात फिरवत हिंडल्या, यंत्रावरचे आकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, तुमचं घर तर छान बंद आहे! मला कशाला बोलावलंत?" तुझ्या भावजयीचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू! ती लगबगीने चहा घेऊन आली. बाईंना मात्र काहीतरी शंका आली असावी. त्यांनी पंख्याचा जोर वाढवला. पहिला मोजा खिडकीतून सुटला तो थेट चहाच्या ट्रेमध्ये. मागोमाग दुसरा. मग टॉवेल सरकत आला, आणि माझा बनियन तर स्वयंपाकघरातून अशा थाटात बाहेर पडला की जणू चहाला त्यालाच बोलावलं होतं. बाई हसून हसून खालीच बसल्या, हिलाही हसू आवरेना, आणि मी एकेक वस्तू उचलत "ही आमची नव्हे" असा चेहरा करून उभा.

तेवढ्यात बाबांच्या खोलीतून वाऱ्याची शिट्टी ऐकू आली. त्यांच्या पलंगामागे, जुन्या शेगडीचं धुराडं जिथून बाहेर जायचं, तिथे भिंतीत भोक आहे. त्यात आम्ही काहीच कोंबलं नव्हतं. भोक आहे हेच ठाऊक नव्हतं. पलंगावर बाबांचा तपकिरी मफलर पडला होता. तोच, जो हरवला असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. स्वतःच्या गळ्यातला काढून त्यांनी तो भिंतीला दिला होता, आणि आमच्यापाशी चकार शब्द काढला नव्हता. ताई, आमचं हसू तिथल्या तिथे विरलं. मला फार वाईट वाटलं. बाईंनी पंखा बंद केला.

पुढचं काम सांगण्यासारखं नाही, म्हणून सांगतो. ते भोक विटा लावून बुजवलं, खिडक्यांना दुहेरी काचा आल्या, दारांना रबराच्या पट्ट्या. माळ्यावर लोकरीसारख्या जाड गाद्या पसरायचं काम मी अंगावर घेतलं (अक्षरशः, खाज अजून गेलेली नाही). पोटावर सरपटत कोपऱ्यापर्यंत पोचलो आणि दोन तुळयांमध्ये असा अडकलो की ना पुढे ना मागे. खालून ही विचारत होती, "झालं का?", आणि मी वरून काय पुटपुटलो ते तिला पूर्वी कधी ऐकू गेलं नसतं. खिडक्यांच्या खडखडाटात नवऱ्याला चार शब्द बोलून घ्यायची सोय होती. आता घर इतकं शांत झालंय की मनातलंसुद्धा पलीकडच्या खोलीत पोचतं. घर कोंदट होऊ नये म्हणून बाईंनी न्हाणीघरात हवा खेळती ठेवणारा छोटा पंखा बसवून दिला; नवऱ्यांसाठी मात्र काही केलं नाही.

तरी त्या बाईंचे आणि तुझे उपकार मानावेत तेवढे थोडेच. सकाळी पांघरुणातून बाहेर पडणं म्हणजे आता लढाईवर निघणं वाटत नाही. हीटर कोपऱ्यात धूळ खातो आहे. ही परवा भांडी आवरताना गाणं गुणगुणत होती. तिचा आवाज एवढा बरा आहे हे मला लग्नानंतर प्रथमच कळलं. रागावणारं माणूस वेळेवर भेटायलाही नशीब लागतं, आणि ते माझं चांगलं आहे. भावजींना नमस्कार, आणि तुला पुन्हा एकदा, याच कमरेतून.

तुझा,
धाकटा

ता. क. बाबांची खोली आता सगळ्या घरात सर्वांत उबदार आहे. आम्ही दोघांनी तिथे आळीपाळीने झोपून खात्री केली.

आणखी एक ता. क. थंडी सरेपर्यंत म्हणून गेलेले बाबा दुसरी थंडी आली तरी तुझ्याकडेच आहेत. तू त्यांचं किती प्रेमाने करतेस ते मी जाणतो, आणि त्यांची तुलाही सवय झाली असणार. म्हणून मागताना जीभ जड होते. पण आता त्यांना आमच्याकडे पाठव, ताई. त्यांच्यावाचून घर भरल्यासारखं वाटत नाही.

शेवटचा ता. क. हे सगळं त्यांच्यासाठी केलं असं मात्र सांगू नकोस. "माझ्या एकट्यासाठी एवढा खटाटोप कशाला" म्हणून अवघडतील आणि येणारच नाहीत. त्यांना एवढंच सांग, की तुमच्या खोलीतल्या खिडकीच्या कोपऱ्यातून अजून बारीक वारा येतो आणि तुमच्या मुलाला तो बंद करता येत नाहीये. खोटं नाही ते. तेवढी एक फट मी मुद्दाम ठेवली आहे. ते म्हणतील, "त्याला काही जमायचं नाही, मलाच जायला हवं." म्हणू दे. तू फक्त त्यांची बॅग भर.