डावखुऱ्या मुलीसाठी चाकू

शनिवार, संध्याकाळ. बनशंकरी

सोमवारी मुग्धा कूर्गला जाणार, कॉफीच्या मळ्यात नोकरीला. हे गेल्यापासून कपाटात पडून असलेला त्यांचा घडीचा चाकू हवा म्हणते. तो मिटायला आतली पट्टी उजव्या अंगठ्याने सरकवावी लागते, आणि ही डावखुरी. काल मिटताना पातं बोटावर आलं, थोडक्यात वाचली.

म्हणून आज दुकानात गेले. डाव्या हातात धरून एकेक चाकू मिटून पाहिला. दुकानदार हसला, "अक्का, उजव्या हातात धरा, सरी होईल, नीट मिटेल."

"अण्णा, मुलीचा हात कसा बदलू? चाकू बदलून द्या."

मग त्याने पाठीवर खटका असलेला काढला. कुठल्याही अंगठ्याने दाबा, बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत. तोच घेतला.

मुग्धाला आवडला. म्हणाली, "आई, कापायला हा. बाबांचा नुसता जवळ ठेवीन, उघडणार नाही."

म्हणजे बोटाची काळजी मिटली. मग तरी चैन का नाही? दिवसभर त्या पट्टीचं कारण सांगत फिरले. खरं तर ह्यांचा चाकू घरातून जायलाच नको होता मला.

मघाशी दोन्ही तिच्या बॅगेत ठेवले. ह्यांचा परत काढला. लिहिताना मांडीवरच आहे. उद्याचा एक दिवस आहे अजून.