कडू निघालेला दुधी

हसनाबाद,
ता. १८ सप्टेंबर २०२४

चि. कल्याण यास अनेक आशीर्वाद.

इकडे ठीक आहे. पाऊस बराबर झाला, कपाशीला बोंडं धरलीत. तुझ्या आईने काल अर्धी भाकरी खाल्ली आणि 'जाड थापली' म्हणून मला नावं ठेवली, म्हणजे तब्येत सुधारली. होय, भाकऱ्या मीच थापतो. हसू नको, शेजारची शालू हसली तेवढं पुरे झालं.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोन दिवसभर तिच्या हातात असतो, तू करशील म्हणून. आणि हे तिच्यासमोर बोलता येत नाही.

दवाखान्यात तू समजावलेलं सगळं माझ्या ध्यानात आहे. दुधी, कारलं, दोडका, काकडी एकाच कुळातली. कारल्याचा कडूपणा वेगळा, तो आपण खातो. पण दुधी कडू निघाला तर त्यात कुकुर्बिटासिन असतं. किडीने खाऊ नये म्हणून वेलाने तयार केलेलं विष, उकळूनही जात नाही. जंगली वेलाशी संकर झाला की ते पुढच्या बियांत उतरतं. आपल्या बांधावर कडू भोपळ्याचा वेल होता आणि त्याच्याजवळच्या दुधीचं बी मीच धरलं होतं. एवढं मी तुला तेव्हा सांगितलं. पुढचं गिळलं.

तू तिला फार बोललास. "आधी फोड चाख, कडू लागली तर फेकून दे, किती वेळा सांगितलं होतं! तरी तो रस प्यालीस?" ती खाली बघून "चुकलंच बाबा" म्हणाली. मी खुर्चीत गप्प बसून राहिलो आणि तू तसाच निघून गेलास.

कल्याण, तिने चाखलं होतं रे. फोड जिभेला लावली आणि थुंकली. "कडू जहर हाय हे. फेकून देते."

शुगर निघाल्यापासून तिला रोज रस काढून द्यायचं काम मी हौसेनं घेतलं होतं. मी म्हणालो, "औषध हाय, गोड कसं लागंल? कडू हाय म्हणून तर गुण येतो. घे जल्दी." ग्लास रिकामा होईपर्यंत समोरून हललो नाही. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि प्याली. अर्ध्या तासात उलट्या, मग उलटीत रक्त.

गाडीत तिचा हात गार पडत चालला होता. तिच्याशिवाय माझा एक दिवस निघणार नाही, हे तेव्हा कळलं. तिला कधी म्हणालो नाही, तुला लिहितो.

काल तिला विचारलं, खोटं का बोललीस? तुझ्या लग्नावरून आपलं बिनसलं तेव्हा दीड वर्ष तू घरी पाऊल टाकलं नव्हतंस, ते ती विसरलेली नाही. म्हणाली, "तुम्ही गप बसा. तुमच्यावर रुसला तर तो साल-साल येत न्हाई. माझ्यावर रुसला तर आठ दिसांत येतो."

आज अकरावा दिवस आहे. एसटी आली की ती दारात जाऊन उभी राहते.

माझ्याशी बोलू नको, मी सोसेन. पण तिच्याकडे ये.

तिला बळंच ग्लास पाजणारा,
तुझा बाप,
रामराव