दर रविवारी नवा पासवर्ड

ता. ३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून तुला हसू येईल. हस. पण महत्त्वाचं काहीही मोबाइलवर लिहायचं नाही असं मी ठरवलंय. पेपरात आलंय की वायफायमध्ये भोक सापडलंय, घराबाहेर उभा राहून कोणीही आतलं वाचू शकतो. तू त्याच धंद्यात असून मला हे पेपरातून कळावं, याचा राग आलाय, तो आधी नोंदवून ठेवतो.

काल रविवारी पासवर्ड बदलला. तीस वर्षं लोकांच्या दारांना कुलपं बसवतोय. संशय आला की आधी किल्ली बदलायची, एवढं मला कळतं. आता दर रविवारी बदलणार. वरच्या मजल्यावरचे गिटारमास्तर रोज गॅलरीत लॅपटॉप घेऊन बसतात, ते मला सरळ वाटत नाहीत. नवा पासवर्ड मागच्या बाजूला लिहिलाय. पाठ कर आणि कागद फाडून टाक.

आई ठीक. तू उशाशी ठेवून गेलेल्या यंत्रावर रोज सकाळी न चुकता बोट धरते, आणि ठोके मोजून होईपर्यंत घरात कोणाला बोलू देत नाही.

लोभ असावा, आणि उत्तर मोबाइलवर देऊ नये.

दादा

ता. ८ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं गुप्त पत्र मिळालं. पाकिटाचा डिंक सुटला होता. आमच्या वॉचमननी ते हातात देताना सांगितलं की पासवर्ड फार लांब आहे, म्हाताऱ्या माणसांच्या लक्षात राहणार नाही.

दादा, गेला आठवडाभर मी ऑफिसात हेच समजावून समजावून थकलेय, आता घरीही तेच. भोक आहे, खोटं नाही. पण त्यातून आत शिरायला माणसाला तुझ्या घराजवळ ठाण मांडून बसावं लागेल, आणि एवढं करून त्याला काय मिळणार, तुझ्या किल्ल्यांचे फोटो? बँकेचं काम तर स्वतःच्या वेगळ्या कुलपातून जातं. कंपनीने पाठवलेली दुरुस्ती राउटरमध्ये आणि मोबाइलमध्ये भरून घे, की झालं. पासवर्ड बदलून काही होत नाही. दोष किल्लीत नाही, कुलपाच्या आत आहे. आतून बिघडलेल्या कुलपाला दर रविवारी नवी किल्ली करून देणाऱ्या कारागिराला तू दुकानात उभं केलं असतंस का?

गिटारमास्तरांना गिटार वाजवू दे. आईला नमस्कार.

राग मानू नये, मानलास तरी दुरुस्ती तेवढी भरावी.

धाकटी

ता. १७ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं व्याख्यान वाचलं. दुरुस्ती भरायला गेलो तर त्या पडद्यावर मलाच पन्नास प्रश्न. नाद सोडला. काल तिसऱ्यांदा पासवर्ड बदलला, तेवढं मला जमतं. आणि मी सावध होतो म्हणून निभावलं, ते ऐक.

दवाखान्याच्या नावाने दोनदा मेसेज आला की तुमच्या आईंच्या नोंदी आमच्याकडे येत नाहीत, ताबडतोब या नंबरवर फोन करा. बघ, चोरांना आईचं आजारपणसुद्धा ठाऊक. मी असा फसतोय होय? नंबर ब्लॉक करून टाकला. परवा दुसऱ्या नंबरवरून एका बाईचा फोन आला, तिलाही चार शब्द सुनावले.

आई हल्ली जरा दमते. जिन्यात मध्येच बसते. पण मोजणी रोज चालू आहे, दवाखान्याला काही वावगं दिसलं असतं तर त्यांनी कळवलं असतंच.

माया आहेच, अक्कल शिकवणं थोडं कमी करावं.

दादा

ता. २२ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

परवा तुझं पत्र वाचलं आणि तडक तुला फोन लावला. फोनवर मी जे ओरडले त्याची माफी मागते, पण सगळ्याची नाही.

ते यंत्र आपल्या वायफायवरूनच दवाखान्यात नोंदी पाठवतं. तू पहिला पासवर्ड बदललास त्या दिवसापासून त्याला दार बंद. अठरा दिवस आई बोट धरून बसली आणि पलीकडे काहीच पोचलं नाही. ज्या बाईंना तू सुनावलंस, त्या दवाखान्यातल्या नर्स. शंका आली तर दवाखान्याच्या कागदावरचा नंबर लावून विचारायचं होतंस, दादा.

आणि मी? यंत्र जोडून दिलं, वायर पलंगामागे सरकवली आणि निघाले. ते कशावर चालतं हे तुला सांगायचं मला सुचलं नाही. गावभर लोकांना सुरक्षितता शिकवते, आणि घरी एक वाक्य बोलले नाही. याची चीड कोणावर काढू कळत नाही. सुट्टीसाठी भांडतेय, पण इथे सगळे त्या भोकामागे जुंपलेत. पुढच्या रविवारपर्यंत मिळाली नाही तर न विचारता निघेन.

आईला जपावं, मलाही सांभाळून घ्यावं.

धाकटी

ता. २७ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या फोननंतर लगेच आईला दवाखान्यात नेलं होतं, काल घरी आणलं. ठोके मध्ये मध्ये चुकत होते. गोळ्या बदलल्या आहेत, आता बरी आहे. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडा गेला असता तर सांगता आलं नसतं. नर्सबाईंची मी उभ्या उभ्या माफी मागितली. त्या आईची उशी नीट करून गेल्या.

एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. त्या यंत्रावरचा हिरवा दिवा पहिल्या रविवारीच लाल झाला होता. आईने तेव्हाच पाहिला होता. मग बोलली का नाहीस, असं मी चिडून विचारलं. ती म्हणाली, तू घरातलं एकेक बंद करत होतास, मला वाटलं हेही तूच विचार करून बंद केलं असशील. म्हणून ती रोज लाल दिव्यावर बोट धरून बसत होती, आणि मला त्रास नको म्हणून चक्कर येते हेही सांगत नव्हती.

तीस वर्षांत एवढा भरवसा माझ्यावर कोणी टाकला नव्हता, आणि तो मी असा वापरला. तिचं ते ऐकल्यापासून नीट जेवण जात नाही.

रविवारी तू येशील तेव्हा ती दुरुस्ती माझ्याच हातून करून घे. आईलाही शेजारी बसवू. कशाला हात लावायच्या आधी मी तिला विचारीन, आणि नको म्हणाली तर थांबेन.

रागाव, पण ये.

दादा