वीरपत्नीच्या मुलीची फी

१६ एप्रिल, बुधवार

परत तेच! स्टेज, हार, बाबांचा फोटो. फोटो दरवर्षी मोठा करतात. यंदा तर बाबांच्या शर्टाचं तुटकं बटणही दिसत होतं.

उल्हासनगरचा एसी हॉल. ‘वीरस्मृती शिक्षण निधी’चा कार्यक्रम. ड्यूटीवर जीव गेलेल्या पोलिसांच्या आणि फायरमनच्या पोरांची कॉलेजची फी हे लोक भरतात. अग्निशमन सप्ताहातच ठेवतात, म्हणजे पेपरात बातमी येते. निधीच्या सेक्रेटरी हिमानी मॅडम माइकवर — “या वीरपत्नी उमाताई शेलार, आणि ही त्यांची वीरकन्या जिज्ञासा!”

वीरकन्या! मी झुरळ दिसलं की पलंगावर चढते.

मॅडमनी आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, “मागच्या वर्षी किती छान बोललीस. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तसंच बोल हं.” तसंच म्हणजे रडवायचं. रडवलं. मोरिवलीच्या कंपनीत आग लागली, बाबा आत शिरले, केमिकलचे ड्रम फुटले, तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात जीव गेला. कंपनीचा माणूस गेटवर उभा राहून “ड्रम रिकामे आहेत साहेब” म्हणाला होता — हे नाही बोलले. मागे एकदा बोलणार होते, तर मॅडम म्हणाल्या, “तेवढं नको बेटा, देणगीदार समोर बसलेत.”

देणगीदार कोण? एमआयडीसीतलेच कारखानदार. आज ज्या शेठनी चेक हातात दिला त्यांचीही कंपनी मोरिवलीतच, त्या जळालेल्या कंपनीच्या मागच्या रस्त्यावर. मी वाकून नमस्कार केला. बी.फार्मचं तिसरं वर्ष आहे. नमस्कार करावाच लागतो.

बाजूला शौनक होता. त्याचे पप्पा ट्रॅफिक पोलीस — नाकाबंदीत टेम्पोनं उडवलं. कानात म्हणाला, “तू आणि मी सेम कॅटेगरी. बाप-कोटा.” मला फिस्सकन हसू आलं. आणि नेमका तेव्हाच कुणीतरी फोटो काढला!

आई शेजारी ताठ बसून होती. शाल गुडघ्यावर. उकडत असेल तर असेल, तिला काही कळत नव्हतं.

१७ एप्रिल

आला फोटो पेपरात. मी दात काढतेय. शेजारच्या गोजरबाई पेपर घेऊनच आल्या — “बापाच्या नावाचा कार्यक्रम आणि तू हसतेस ग?”

हसते. माझा बाप, माझे दात.

२० एप्रिल, रविवार

घामानं वहीची पानं चिकटतायत. अंबरनाथ म्हणजे नुसती भट्टी झालीय.

रविवार म्हणजे महेंद्रकाका. बाबांच्या बंबावरचे ड्रायव्हर. आगीच्या दिवशी पंपापाशी होते. बाबांना बाहेर ओढून आणलं ते त्यांनीच. त्यांचा डावा हात कोपरापर्यंत भाजलाय, कातडी अजून गुलाबी दिसते. त्यांची बायको बाबांच्याही आधी गेली. मूलबाळ नाही. बाबा गेल्यापासून एक रविवार चुकवला नाही त्यांनी. सिलिंडर लाव, नळाचा वायसर बदल, पंखा काढून पूस. काम नसलं तर शोधून काढतात. आज खिडकीच्या बिजागरीला तेल घातलं. बिजागरी वाजत नव्हती.

मला ते आवडत नाहीत. बघितलं की पहिला विचार एकच येतो — हे बाहेर होते. हे वाचले. मग स्वतःचाच राग येतो, आणि तोही त्यांच्यावरच काढावासा वाटतो.

शौनक आणि बाकीची पोरं बदलापूरला नदीच्या बॅरेजवर जाणार होती. आई म्हणाली, “तू नको जाऊस. महेंद्रभाऊ येणारेत.” मी काय करू ते येणारेत तर? चहा तू देणार, ते पिणार. मी कोपऱ्यात बसून मोबाइल बघणार. बसले. तेच केलं.

४ मे

गोजरबाईंनी जिन्यात अडवलं. “तुझ्या आईनं करून टाकावं ग त्या महेंद्रशी. किती दिवस माणूस हेलपाटे घालणार? लोकं बोलायच्या आत...”

म्हटलं, “लोकं म्हणजे तुम्हीच ना?”

वर येऊन आईला सांगितलं. वाटलं चिडेल. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. “तू अभ्यास कर,” म्हणाली. एवढंच. पण कान लाल झाले होते तिचे! मी पाहिले.

म्हणजे खरं आहे.

५ मे

बाबांचे कपडे अजून कपाटात आहेत. खालच्या कप्प्यात. आणि ती लाजते!

११ मे, रविवार

आज विचारून टाकलं. काका निघाले तसं मीही “दूध आणते” म्हणून मागे गेले. बुवापाड्याच्या नाक्यावर गाठलं. म्हटलं, “काका, तुमचं आणि आईचं काय चाललंय?”

ते दचकले. मग रस्त्याच्या कडेला उभ्या रिक्षाला टेकले.

“काही चाललेलं नाही बेटा. चालू दिलं असतं तर तुला आधी सांगितलं असतं.”

“म्हणजे?”

“मी विचारलं होतं वहिनींना. लग्नाचं. दोन वर्षांपूर्वी एकदा, मग परत या दिवाळीला. त्या म्हणाल्या, निधीचा नियम आहे — बाईनं दुसरं लग्न केलं की पोरीची फी बंद. जिज्ञासाचं शिक्षण होईस्तोवर हा विषय काढू नका. मी म्हटलं, मी भरतो फी. तर म्हणाल्या, सुदामच्या पोरीची फी सुदामच्या नावानंच भरली जाणार. त्यावर मी काय बोलणार? आम्ही एका ताटात जेवलेलो.”

दूध न घेताच घरी आले. आईनं विचारलंही नाही, दूध कुठाय.

एवढी वर्षं मी समजत होते, निधी माझ्यावर उपकार करतोय आणि त्याची किंमत मी स्टेजवर रडून चुकवतेय. किंमत आई चुकवतेय! सगळी तीच! आणि मी कोपऱ्यात बसून मोबाइल बघते.

१३ मे

निधीच्या ऑफिसात गेले. उल्हासनगरला, फर्निचर बाजाराच्या वर. हिमानी मॅडम चांगल्या वागतात, हाच प्रॉब्लेम आहे. कोल्ड कॉफी मागवली.

विचारलं, असा नियम खरंच आहे का?

“आहे ना. का? उमाताईंचं काही...?”

“नाही. सहज.”

मॅडम टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाल्या, “बघ, ट्रस्टींचं म्हणणं असं की निधी हुतात्म्याच्या कुटुंबासाठी आहे. बाईनं दुसरा संसार मांडला की ते कुटुंब त्याचं उरत नाही.”

“पण मी तर त्यांचीच मुलगी राहते ना? आईनं काहीही केलं तरी?”

“मला पटतं तुझं. पण पैसे देणाऱ्यांचंही ऐकावं लागतं.”

“आणि ड्यूटीवर बायकोचा जीव गेला आणि नवऱ्यानं दुसरी केली तर?”

मॅडम खरंच विचारात पडल्या. “तशी केस आली नाही अजून.”

येणार कशी! कॉफी अर्धी टाकून आले.

१४ मे

डोकं फिरलंय नुसतं. बाबा आगीत शिरले तेव्हा त्यांना कुणी विचारलं होतं का, तुमच्यामागे तुमची बायको कशी राहावी असं वाटतं? त्यांना ती हसलेली आवडायची. ती हसली की ते आम्हाला उगाच बर्फाचे दोन-दोन गोळे खाऊ घालायचे. त्यांच्या नावानं हे लोक तिला गोठवून ठेवणार. शाल पांघरून!

२५ मे, रविवार

आज पहिल्यांदा काकांना चहा मी दिला. आई दारापाशी उभी होती, ते चहा संपवेपर्यंत तशीच. बसत नाही ती त्यांच्यासमोर. महेंद्रभाऊ, महेंद्रभाऊ म्हणत राहते. लोकांसाठी म्हणत असणार बिचारी.

काकांच्या भाजलेल्या हाताकडे आज नीट बघितलं. त्याच हातानं बाबांना धरलं होतं.

२ जून

शौनकला सगळं सांगितलं. म्हटलं हसेल. नाही हसला. म्हणाला, “माझी मम्मी म्हणते, आमचं घर म्हणजे पप्पांचा पुतळा झालाय. साफ करायचा नि हार घालायचा.” मग म्हणाला, “निधी सोड. तू सोडू शकतेस. तुला फार्मसी येते. मला काय येतं? मी बी.कॉम!”

त्याच्या ओळखीचे धर्मेशभाई — उल्हासनगर कॅम्पात मेडिकल आहे त्यांचं. फोन लावून दिला लगेच. धर्मेशभाई म्हणाले, “बेटा, शाम को आ जाना, इंजेक्शन-विंजेक्शन का फ्रिज तू सम्हालना. पढ़ाई वाली लड़की चाहिएच थी मेरे को.”

बँकेतही जाऊन आले. शिक्षणाचं कर्ज मिळतं म्हणाले. आईची सही लागेल. आई नगरपालिकेत आहे — बाबांच्या जागी घेतलं होतं तिला — तेवढं चालतं.

म्हणजे होऊ शकतं. कुणाच्या पाया न पडता होऊ शकतं!

९ जून

आजपासून दुकानात. आईला सांगितलं प्रॅक्टिस म्हणून. पाय सुजले. पण एका आजीबाईंना दोन सारख्या नावांच्या गोळ्यांतला फरक समजावून सांगितला, तर त्या म्हणाल्या, “डॉक्टर हो ग पोरी.” त्यांना बाबा माहीत नाहीत. त्यांना मी कोण तेही माहीत नाही. किती छान वाटलं!

१७ जून

दिलं लिहून! ‘यापुढे मला निधीची मदत नको आहे. आजवर केलेल्या मदतीबद्दल आभार.’ आभार लिहायचं नव्हतं. लिहिलं. केलीय ना मदत, खोटं कशाला बोलू?

हिमानी मॅडमनी कागद दोनदा वाचला. “नीट विचार केलास? एकदा सोडलं की परत मिळत नाही.”

“केला.”

“मला खरंच वाईट वाटतंय जिज्ञासा.” मग कागद ट्रेमध्ये ठेवता ठेवता — “पुढच्या वर्षी निदान बोलायला तरी येशील ना? तुझ्यासारखं कुणी बोलत नाही ग.”

जिना उतरताना हसूच आवरेना. मग रडू आलं. मग भूक लागली. दाल पकवान खाल्लं रस्त्यावर उभं राहून. दोन प्लेट.

२२ जून, रविवार

सांगितलं. मुद्दाम आज, काका असताना. आई ओट्यापाशी होती, काका स्टुलावर चढून ट्यूब लावत होते.

म्हटलं, “मी निधी सोडला. कर्ज काढतेय, दुकानातले पैसे मिळतात, माझं मी बघणार. आता कसलाही नियम नाही. तुम्ही दोघं लग्न करा.”

असंच बोलले. धाडकन.

काका खाली उतरले. ट्यूब हातातच. त्यांचे डोळे भरले होते. या माणसाला मी कधी रडताना बघितलं नव्हतं, बाबांना नेलं तेव्हासुद्धा नाही. “उमा,” म्हणाले. वहिनी नाही, उमा! पहिल्यांदाच. “पोरीनंच सांगितलं आता. तुम्ही काय म्हणता?”

आईचा चेहरा पांढरा पडला. चहा उतू जात होता, मीच गॅस बंद केला. ती म्हणाली, “मला वेळ द्या जरा.”

काका म्हणाले, “पुढच्या रविवारी येतो.” ट्यूब तशीच ठेवून गेले. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज — हळूहळू उतरतात नेहमी, आज धावत उतरले.

२३ जून

आई बोलत नाही. डबा भरून देते, बोलत नाही.

घाबरली असेल. एवढ्या वर्षांनी एकदम दार उघडलं तर माणूस दचकणारच.

२५ जून

अजूनही नाही! एक शब्द नाही. मी एवढं सोडलं हिच्यासाठी. शाब्बास नको, निदान ‘कशाला सोडलंस’ तरी म्हण ना! कर्जाच्या कागदांवर तेवढी सही केली गुपचूप. तीही वाचल्याशिवाय.

रागानं दुकानात आज एका माणसावर ओरडले. धर्मेशभाई म्हणाले, “घर का गुस्सा घर पे छोड़ के आने का.”

२७ जून, शुक्रवार

आई बोलली. भांडी घासत होती, माझ्याकडे पाठ करून.

“मला लग्न करायचंय हे तुला कुणी सांगितलं?”

“काका म्हणाले, माझ्या फीमुळे तू—”

“त्यांना काहीतरी सांगायला नको? भला माणूस आहे. तुझ्या बापाला ज्यानं आगीतून ओढून काढलं, त्याच्या तोंडावर ‘तुम्ही मला नको’ असं कसं म्हणायचं? तो नियम होता म्हणून माझी लाज राहत होती.”

नळ बंद केला तिनं. वळली.

“आता तूच सांग, परवा काय सांगू त्यांना?”