सहावी पट्टी

सोम., २७ नोव्हें. १९६१
दिवाळीची सुट्टी संपली. कार्यशाळेच्या दाराला वाळवी. मापाच्या पट्ट्या मोजल्या, सहाच्या सहा आहेत. पोलादी आहेत, हरवल्या तर पुन्हा मिळायच्या नाहीत, म्हणून सुट्टीभर कपाटात कुलपात ठेवल्या होत्या. मी काही मूर्ख नाही.
दहावीच्या पोरांनी सुट्टीतलं काम आणलं. एका फळीच्या टोकाला कुसू, म्हणजे भोकात शिरणारी जीभ, दुसरीत भोक, दोन्ही घट्ट बसवायच्या. लांबी ९ इंच, रुंदी २, जाडी १. यंदापासून निम्मे गुण सुट्टीतल्या कामाला. ९ तारखेला बाहेरचे परीक्षक येणार, घरचा नग पट्टी लावून बघणार, मग समोर एक करायला लावणार. हेडमास्तरांचा हुकूम : ज्याचा घरचा नग नापास, त्याला समोर उभा करायचा नाही. शाळेची अब्रू. तपासायचं मी.

मंगळ., २८ नोव्हें.
तपासणी. बहुतेकांचे सांधे म्हाताऱ्याच्या दातांसारखे हलतात. पण घरी फूटपट्ट्या आहेत, मापात आहेत, पास.
रनाळ्याचा भिका. बाप गाड्या करणारा सुतार, पोरगा इथे बोर्डिंगात. त्याचा नग हातात घेतला आणि बरं वाटलं. असा सांधा मलाही एका दमात जमणार नाही. मग पट्टी लावली. नऊच्या जागी दहाच्या वर. रुंदी जास्त. जाडी जास्त. सगळंच जास्त, आणि सगळं सारख्याच हिशेबाने.
एका सुतापेक्षा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागापेक्षा, जास्त फरक असेल तर मापाचे गुण शून्य. म्हणजे नापास.
शाळेत शुद्ध बोलायचा नियम आहे, पण पोरगा घाबरला की नियम कुठला. म्हणाला, "सर, पट्टी कपाटमा व्हती. मी बाबाना गजवर माप लिधं."
गजाचे चोवीस भाग, एकेक भाग म्हणजे तसू. यानं चोवीस भाग म्हणजे दोन फूट असं धरलं. तसू इंचाहून मोठा असतो हे त्याला कुणी सांगितलंच नाही. कुणी म्हणजे मी.
त्याच्यावर ओरडलो. नंतर चहा गोड लागला नाही.

शुक्र., १ डिसें.
हे.मा. म्हणाले, "नापास तो नापास. दया दाखवायला हे काय देऊळ आहे?" खरं आहे. नियम मीच वाचून दाखवला होता.
भिका म्हणतो, परीक्षेला उभं केलं नाही तर बाप घरी नेणार. कापूस निघतोय, गाड्यांची कामं तुंबलीत, दोन हात हवेतच. 'मी शिकवलेलं तिथे चालत नसेल तर तिथे काय शिकतोस', असं बापाचं म्हणणं.

रवि., ३ डिसें.
सायकलने रनाळ्याला. पाय भरून आलेत.
बापाचं नाव उखा मिस्तरी. लिंबाखाली चाकाचे आरे बसवत होता. बसा म्हणाला, पाणी दिलं, काम थांबवलं नाही. मी नग पुढे ठेवला.
"मास्तर, सांधा हलस का?"
नाही म्हटलं.
"मंग नापास कशा?"
मी पट्टी त्याच्या गजाशेजारी धरली. काळा पडलेला लाकडी गज, खुणा बोटांनी झिजलेल्या. त्यानं दोन्ही नीट पाहिलं, वाकून. मग म्हणाला, "तुम्हनी पट्टी लहान शे."
हसू आलं, दाबलं.
"मन्हा बापना गज शे हाऊ. ह्यावर गाव भरीसन गाड्या व्हयन्यात. तुम्हनी पट्टीवर कितल्या व्हयन्यात?"
"एक बी नही, मिस्तरी."
तेव्हा तोही हसला. म्हणाला, शनिवारपर्यंत पोरगा तुमचा. पुढचं पुढे.
येताना सांगून टाकलं की पट्ट्या मीच कुलपात ठेवल्या होत्या. तो पुढचा आरा ठोकू लागला. कुलूप त्यानं कधी लावलं नसावं. हत्यारं तर झाडाखालीच पडलेली असतात.

मंगळ., ५ डिसें.
भिकाच्या नगाला कागद चिकटवला. लिहिलं : 'माप घरच्या गजाचे. शाळेने पट्टी दिली नव्हती. चूक शिक्षकाची.' खाली सही.
हे.मा.नी वाचलं. "स्वतःच्या हाताने लिहून दिलंत?" हो म्हटलं. मग म्हणाले, उभा करा, जबाबदारी तुमची. माझीच तर आहे.
पट्ट्यांसाठी वही केली. आजपासून पोरांनी घरी न्यायच्या, वहीत नाव घालून. पहिलं नाव भिकाचं. पट्टी देताना जीव वरखाली झाला, खोटं कशाला लिहू.

शनि., ९ डिसें.
परीक्षक आले. बोलणं कमी, चष्मा जाड.
भिकानं माझ्या देखत तीनदा पट्टी लावली, मगच करवत धरली. समोरचा नग मापात. पण सांधा आधीच्याइतका सुंदर नाही. पट्टीकडे बघता बघता हात बिचकला.
परीक्षकांनी दोन्ही नग शेजारी ठेवले. कागद वाचला. माझ्याकडे पाहिलं. मोठा नग दोन्ही हातांनी ओढून पाहिला, सुटला नाही. पुन्हा ओढला. मग काहीतरी लिहिलं आणि कागद घडी घालून खिशात.
निकाल संक्रांतीनंतर. भिका पट्टी घेऊन गावी गेला, सोमवारी येतो म्हणाला.

शनि., १६ डिसें.
आठवडा झाला, भिका नाही. पाच पट्ट्या कपाटात.
हे.मा. म्हणाले, "गेली ना पट्टी?" मी म्हटलं, जाऊ द्या. ते थक्क झाले. मीही.
दुपारी रनाळ्याचा एक गाडीवाला कापूस घेऊन सरकी काढायच्या जिनात आला होता. त्याला विचारलं. म्हणाला, दोन्ही बापलेक लिंबाखाली बसेल व्हतात, पोऱ्या बापले काहीतरी दखाडी ऱ्हायना. काय ते त्याला नीट कळलं नाही. लोखंडाची पट्टी होती का, विचारलं. व्हती म्हणे, गजना शेजारे.
हजेरीत आठवडाभर भिकाच्या नावापुढे गैरहजेरीची शाई लावलेली नाही. शिसपेन्सिलीनं टिंब दिलंय.