कनू पूर्ण होईपर्यंत

२३ ऑगस्ट, शनिवार

फार्मसी दुपारी बंद केली आणि थेट हॉर्नबी गाठलं. संदीपच्या गॅरेजमध्ये वैजू आधीच हजर. हॉस्पिटलात नाइट करून आलेली, डोळे तांबारलेले, तरी हातात पक्कड. कनू, म्हणजे आमची जुनी लाकडी होडी, तिच्यावरचं कॅनव्हास आज सगळं उतरवलं. पार कुजलेलं. आतलं लाकूड मात्र बरंच धड आहे. काही बरगड्या मोडल्यात, दोन फळ्या गेल्यात.

संदीपने घर घेतलं तेव्हापासून ही बया छताला टांगलेली होती. आधीच्या मालकीणबाई तशीच ठेवून गेल्या. दर उन्हाळ्यात आम्ही तिघं म्हणायचो, यंदा करू. रिकार्टनच्या फ्लॅटमध्ये एका कुकरच्या भातावर तिघं शिकत होतो तेव्हापासूनची ही सवय, यंदा करू म्हणायची.

यंदा खरंच करतोय. कारण संदीपच्या बायकोला, पल्लवीला, समुद्रापलीकडे ब्रिस्बेनमध्ये फिजिओची नोकरी मिळाली आहे. नवीन वर्षात रुजू व्हायचंय. संदीपने तिला सांगितलंय, "कनू होऊ दे, मग ठरवू." ती "बरं" म्हणाली म्हणे.

३० ऑगस्ट

संदीपकडे गणपती. स्वयंपाकघरात पल्लवी मोदक वाफवते आहे आणि गॅरेजमध्ये आम्ही तिच्याच दुसऱ्या कुकरला नळी जोडून बरगड्या वाफवतोय. लांबट लाकडी खोकं, त्यात वाफ, त्यात लाकडाच्या पट्ट्या. बाहेर काढली की लगेच वाकवायची, जरा रेंगाळलं की संपलं. पहिल्या दोन कडाकड मोडल्या. तिसरी मऊपणे वळली आणि बसली जागेवर. संदीप "स्वीट अ‍ॅज!" (म्हणजे झकास!) म्हणून असा ओरडला, आरतीतही इतका आवाज लागत नाही त्याचा.

पल्लवी डोकावली. "माझा कुकर परत मिळणार आहे का?"

वैजू म्हणाली, "ब्रिस्बेनला नवा घे की."

पल्लवी मोदकांकडे परत गेली. मोदक चांगले झाले होते. वैजूच्या जिभेला हाड नाही, पण मला ते बोलणं आवडलं. हेही लिहून ठेवते.

१४ सप्टेंबर

काल नवं कॅनव्हास ताणून ठोकलं. वैजू आणि मी दोन टोकांना लोंबकळून ओढत होतो, संदीप खिळे मारत होता. आज त्यावर लांबी, म्हणजे भोकं बुजवायचा लगदा. हातमोजे घालून तळव्याने घासायची, कापडाच्या विणीत मुरेपर्यंत. थालीपीठ थापल्यासारखं. डब्यावर लिहिलंय की किमान महिनाभर सुकू द्या, थंडीत आणखी. संदीपचं गॅरेज म्हणजे फ्रिजच.

हे वाचून मला बरं वाटलं. म्हणजे महिनाभर तरी कोणी कुठे जात नाही.

मला संदीप जायला नको आहे. पल्लवीही नको जायला, पण ते नंतर. घटस्फोटाच्या वर्षी मी दर शनिवारी त्या गॅरेजमध्ये जाऊन नुसती बसायचे. तो काही विचारायचा नाही, कसलातरी स्क्रू पिळत राहायचा. इथे माझं माहेर म्हणजे ते गॅरेज.

२ ऑक्टोबर, दसरा

लांबी पुरती सुकली नव्हती. तिघांनाही माहीत होतं. पण वैजूने साडेतीन मुहूर्तांचा विषय काढला. "आज रंगाचा हात लागलाच पाहिजे. मग पुढचं किती का लांबेना." करवत, रंधा, ब्रश, सगळ्यांना हळद-कुंकू वाहिलं. संदीपने नख टोचून पाहिलं, म्हणाला, "होईल गं, चालेल." तिघंही कामावरून आलेलो, इथे आता वसंत, दिवस लांबलाय म्हणून उजेड होता. हिरवा रंग. एक हात मारून झाला तेव्हा कनू इतकी देखणी दिसत होती की आम्ही आपट्याऐवजी संदीपच्या कुंपणाची पानं एकमेकांना देऊन आलिंगनं दिली.

घरी येताना वाटलं, संदीपला एवढी कसली घाई? त्याला संपवायचंय का हे?

११ ऑक्टोबर

रंगाला सुरकुत्या. दुधावर साय धरावी तसा सगळा रंग वर गोळा झालाय आणि खाली लांबी ओलीच. बोट लावलं की सरकतो.

वैजू म्हणाली, "मुहूर्त चांगला होता. आपण वाईट."

आणि संदीप हसायला लागला. "आता काय, सगळं खरवडा. परत सुकवा. नोव्हेंबर गेलाच." मीही हसले. तिघंही पोट धरून हसलो, फ्लॅटमध्ये हसायचो तसे. वर पाहिलं तर पल्लवी दारात, चहाचा ट्रे घेऊन. ट्रे बाकावर ठेवला आणि आत गेली.

१८ ऑक्टोबर

आज लवकर गेले. संदीप मुकादम माणूस, शनिवारीही वेअरहाउसमधून बोलावणं आलेलं. गॅरेजमधून खरवडल्याचा आवाज. पल्लवी एकटीच, केस बांधलेले, रबरी चपला (जांडल्स) घातलेल्या पायांवर हिरवे पापुद्रे. जवळजवळ एक बाजू तिने साफ केली होती.

"अगं, तू कशाला?"

"कारण तुम्ही तिघं हे संपवणार नाही." मान वर न करता. "दर शनिवारी मी पोहे करते आणि तुम्ही काहीतरी नवीन बिघडवता. मला कळत नाही का?"

"मुद्दाम नाही गं केलं," म्हटलं.

"मुद्दाम केलं असतंत तर मला भांडता आलं असतं."

इतक्या वर्षांत ही बाई मला कधी असं बोलली नव्हती. खरं तर मीच तिच्याशी कधी नीट बोलले नव्हते. ती आमच्यात नंतर आली, आणि आम्ही तिला पोह्यांपुरतं ठेवलं. फार वाईट वाटलं. दुसरी खरवडणी घेतली आणि पलीकडच्या बाजूला उभी राहिले. जेवायच्या वेळेपर्यंत दोन्ही बाजू साफ झाल्या.

१६ नोव्हेंबर

मधल्या एकाही शनिवारी कोणी कनूला हात लावला नाही. पल्लवीची सक्त ताकीद. ऊन असेल तेव्हा गॅरेजचं दार उघडं ठेवायची तेवढं काम. काल-आज रंगाचे दोन हात. गुळगुळीत. वैजू मुहूर्ताबद्दल अवाक्षर बोलली नाही.

झाली. आता फक्त पाणी.

२९ नोव्हेंबर

काइयापोई. नदी शांत, पूर्वेकडचा ईस्टर्ली वारा अजून उठायचा होता. वैजू नारळ घेऊन कनूकडे निघाली तसा संदीप किंचाळला, "दगडावर फोड, दगडावर!" बैठका दोनच. आधी कोण, यावर आमची जुंपली. पल्लवी म्हणाली, "आम्ही दोघी," आणि माझ्या गळ्यात लाइफजॅकेट अडकवलं.

तरंगली! एक थेंब आत नाही. मी पुढे, ती मागे. काठावर संदीप लहान पोरासारखा नाचत होता.

मधोमध गेल्यावर तिने वल्हं आडवं ठेवलं. "मला जायचंय गं. इतकी वर्षं क्लिनिकमध्ये तेच तेच करतेय, तिकडे माझा स्वतःचा विभाग असेल. पण तो माझ्यामागून फरपटत आला असं जन्मभर मला नकोय. तू सांग त्याला, जा म्हणून. तुझं ऐकेल."

"आणि थांब म्हटलं तर?"

"तरी ऐकेल," ती म्हणाली. "म्हणूनच तुला विचारतेय."

मी मागे वळले नाही. वळले असते तर कनू डगमगली असती, असं स्वतःला सांगितलं. परत आलो. संदीपने विचारलं, "कशी आहे?" दोघी एकदमच म्हणालो, "मस्त."

२ डिसेंबर

भर गर्दीत संदीपचा फोन. "पल्लवी म्हणते तुला माझ्याशी बोलायचंय."

"संध्याकाळी ये."

"बरं." फोन ठेवेना. मग म्हणाला, "ब्रिस्बेनला फार उकडतं म्हणतात. तू येशील ना गं, हिवाळ्यात?"

दिवसभर लोकांना गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावलं आणि डोक्यात तेच. म्हणजे त्याचंही मनातून ठरलंय. त्याला फक्त माझ्याकडून ऐकायचंय. तिलाही. दोघांनाही माझा होकार हवाय. आणि मला काय हवंय ते दोघांनाही नीट माहीत आहे, म्हणून तर विचारतात.

'जा' म्हटलं तर तो जाईल. 'थांब' म्हटलं तर थांबेल, आणि मग दर शनिवारी पल्लवी पोहे आणून ठेवेल.

चहाचं आधण ठेवलंय. बाहेर गाडी लागली. गाडीचं दार एकदाच वाजलं, म्हणजे एकटाच आलाय.